बनाबाईचा पट्टा

बनाबाई हिवाळे यांनी सव्वीस वर्षं झाडांना पट्टे मारले. वनखात्यात त्या रोजंदारीवर होत्या. पावसाळा सरला की गेरूची बादली घेऊन फॉरेस्टरच्या मागे जंगलात शिरायचं. फॉरेस्टर बुंध्याला टेप लावणार, घेर सांगणार, आणि झाड तोडीत धरलं की बनाबाई छातीच्या उंचीवर चार बोटं रुंदीचा पट्टा ओढणार. मग डांबराने आकडा, मग तासलेल्या सालीवर हातोड्याचा शिक्का. आकडा आणि शिक्का हे दुसऱ्यांचं काम. पट्टा बनाबाईंचा. तो बुंध्याभोवती फिरून जिथून निघाला तिथेच बरोबर येऊन मिळायचा. धाड या बाजारगावाच्या वरच्या डोंगरात बनाबाईंचं नव्वद घरांचं गाव आहे, बोरदरी. तिथल्या शेळ्या राखणाऱ्या बायासुद्धा तो पट्टा लांबून ओळखायच्या. बनाचा पट्टा पडला म्हणजे झाड गेलं. उन्हाळ्यापर्यंत त्या जागी नुसतं खोड उरायचं.

हे काम सुटलं त्याला आठ वर्षं झाली. बनाबाईंचं वय आता त्रेसष्ट. सही येते, आकडे येतात, पाटी वाचता येत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पुन्हा हातात रंगाचा डबा घेतला तो शेजारच्या काजलच्या कॉलेजसाठी. त्या रंगाने काय करता येतं हे मात्र त्या जर्मनीत शिकून आल्या होत्या.

रेणुका ही त्यांची एकुलती लेक. बुलढाण्याला नर्सिंग केलं, मग दीड वर्ष जर्मन भाषा घोकली आणि ब्लॅक फॉरेस्टच्या काठावरच्या एका छोट्या गावात हॉस्पिटलात लागली. नवराही तिथेच नर्स. मुलगी सात महिन्यांची झाली तेव्हा रेणुकाची सुट्टी संपली, आणि पाळणाघरात जागा मिळणार होती जुलैत. मधल्या तीन महिन्यांसाठी तिने आईला बोलावलं. व्हिसाही नेमका नव्वद दिवसांचा मिळाला. बनाबाई एकट्या विमानात बसायला कचरत होत्या. शंकररावांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, निकाल दिला.

"जाऊन ये. म्या इकडं भाकरी टाकतो. जळल्या त जळल्या."

एप्रिलच्या मध्यावर त्या तिथे पोहोचल्या. घर चौथ्या मजल्यावर. नात घरात झोपायची नाही, ढकलगाडीत घातली की झोपायची. म्हणून बनाबाई तिला घेऊन बाहेर पडू लागल्या. शेवटचं घर संपलं की लगेच जंगल सुरू होत होतं. मध्ये ना नाका, ना गार्ड, ना तारेचं कुंपण. झाडं ओळखीची नव्हती. एका झाडाचा बुंधा अर्जुनासारखा राखाडी आणि गुळगुळीत होता, त्याला हात लावून पाहिला. तिसऱ्या दिवशी त्या घरी परतल्या त्या तोंड पाडून.

"रेणुका, हे लोक त अख्खी वाट उघडी करून राह्यले."

"कोन, माय?"

"सरकार, दुसरं कोन? वाटंच्या काठची झाडं तोडीत धरली. सरळ, उंच, कवाच्या काळची झाडं. पिवळा रंग मारून ठेवला. म्या मोजली, बेचाळीस भरली."

रेणुका हसत सुटली. "तो तोडीचा रंग नोय व माय. वाटेची खूण हाय. फिराले जानाऱ्या लोकाईसाठी."

"वाटेले काऊन खूण लागते? वाट त दिसते."

"दिसते, पन कुठं जाते ते नाई दिसत."

"अन् हे लोक काय आनाले जातात जंगलात? डोक्यावर मोळी नाई, संगं शेळी नाई."

"काई आनाले नाई. चालाले जातात."

हे काही बनाबाईंना पटलं नाही. लेक हॉस्पिटलातली, तिला जंगलातलं काय ठाऊक, असं मनाशी धरून त्या चालत राहिल्या. रोज तो पिवळा चौकोन दिसला की त्या झाडाकडे, आज आहे उद्या नाही, अशा नजरेने बघायच्या.

मे महिन्यात एके सकाळी धुकं आलं. पाच वाटा जिथे मिळतात तिथून बनाबाई अंदाजाने वळल्या. दहा मिनिटं चालूनही घरं दिसेनात. नात गाडीत झोपलेली. रस्ता विचारायला माणूस नाही, आणि असता तरी विचारणार कुठल्या भाषेत? फोन होता, पण लेक ऑपरेशन थिएटरात. त्या थांबल्या आणि सव्वीस वर्षं जंगलात थांबल्यावर जे केलं तेच त्यांनी केलं. बुंधे बघितले. एकावरही रंग नव्हता. आल्या पावली परत पाच वाटांच्या तोंडाशी गेल्या. तिथे एका बुंध्यावर पिवळा चौकोन होता, त्याच्या पुढे साठ पावलांवर दुसरा, मग वळणाच्या अलीकडे तिसरा. त्या खुणा धरून त्या शेवटच्या घरापाशी आल्या. घरी गेल्यावर लेकीला एवढंच म्हणाल्या, "तुह्यं बरोबर होतं."

पुढचं त्यांना गेर्ड नावाच्या म्हाताऱ्याने शिकवलं. सत्तरी ओलांडलेला, डाव्या हाताचं एक बोट अर्धं. वाटेवरच्या बाकावर रोज बसलेला असायचा. एकदा बनाबाई एका झाडावरची नारिंगी रेघ बोटाने चाचपत होत्या. ही रेघ चौकोनासारखी नव्हती, तिरकी आणि घाईने मारलेली होती. गेर्ड उठून आला, दोन्ही हातांनी करवत चालवल्यासारखं केलं आणि हात आडवा पाडला. मग पिवळ्या चौकोनावर बोट ठेवून दोन बोटांनी हवेत चालून दाखवलं. नारिंगी म्हणजे तोड, पिवळा म्हणजे चाल. बनाबाईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि बुंध्याभोवती फिरून न दिसणारा एक पट्टा ओढून दाखवला. म्हातारा खदखदून हसला आणि त्याने ते अर्धं बोट वर करून दाखवलं. संध्याकाळी रेणुकाने चौकशी केली तर तो चाळीस वर्षं लाकूडतोड्या होता.

दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. तरी काम काम असतं. खूण कशी मारतात ते गेर्डने आठवडाभरात समजावलं. वाट फुटते तिथे फुटायच्या अलीकडे एक आणि फुटल्यावर लगेच एक. खूण बुंध्याच्या दोन्ही अंगांना हवी, कारण जाणारा वेगळा आणि येणारा वेगळा. सरळ वाटेवर उगाच रंग सांडायचा नाही. शेवटचा धडा त्याने चालून दिला. मुद्दाम चुकीच्या वाटेने त्यांना नेलं, दहा-दहाला एकेक बोट दुमडत शंभर पावलं मोजली, खांदे उडवले आणि मागे फिरला. शंभर पावलांत खूण नाही तर वाट आपली नाही.

नव्वद दिवसांपैकी एकसष्ट दिवस बनाबाई चालल्या. पिवळा चौकोन, निळी आडवी रेघ, लाल शंकरपाळा, प्रत्येक वाटेची खूण वेगळी. गावाभोवतीच्या अकरा वाटा त्यांच्या पायाखालून गेल्या. दुकानाची पाटी, बसची पाटी, औषधाची बाटली, प्रत्येक ठिकाणी त्यांना लेकीला विचारावं लागायचं. जंगलात विचारावं लागत नव्हतं.

जुलैच्या मध्यावर त्या बोरदरीला परतल्या. शंकरराव दोन किलोंनी उतरले होते. शेजारच्या दीपकच्या घरी वाद पेटलेला होता.

दीपकची काजल मेहकरला मामाकडे राहून दहावी झाली, गणितात ब्याण्णव मार्क. धाडच्या कॉलेजात अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला. सकाळी दीपक मोटरसायकलवर दूध घेऊन धाडला जातो, तेव्हा ती मागे बसून जाणार होती. प्रश्न होता परतीचा. डांबरी रस्ता डोंगराला वळसा घालून चौदा किलोमीटर. एसटी फाट्यापर्यंत, पुढे पाच किलोमीटर पायी. ऑगस्ट-सप्टेंबर दीपक दुपारी आणायला जाणार होता. पुढे सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापणीला, आली की त्याला शेत सोडता येणार नव्हतं.

"फाट्यावर ढाब्यापाशी पोट्टे बसून राह्यते, काकू," तो बनाबाईंना म्हणाला. "तिथून हे एकटी येईन का? त्यापेक्षा घरी बसू दे. बाहेरून परीक्षा देईन."

"सायन्स बाहेरून होत नाई, बाबा," काजल आतून म्हणाली. हे ती चौथ्यांदा सांगत होती.

"खिंडीतली पायवाट हाय ना," बनाबाई म्हणाल्या. "साडेतीन किलोमीटर. तासाभराची वाट."

दीपक हसला. "कोनती वाट, काकू? तिले आता ओयखते कोन? एक तुम्ही अन् दुसरं अस्वल."

त्याचं खोटं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी डांबरी रस्ता झाला, मोटरसायकली आल्या, आणि धाडच्या बाजाराला डोक्यावर पाट्या घेऊन उतरणारी माणसं त्या वाटेवरून नाहीशी झाली. घाणेरीची झुडपं माजली. गुरांच्या वाटा तिला आडव्या-तिडव्या फुटल्या. काजलच्या वयाच्या एकाही पोरीने ती वाट चाललेली नव्हती. अस्वलंही होती. पण ती उन्हं उतरल्यावर हिंडतात, आणि कॉलेज साडेतीनला सुटत होतं.

"म्या वाट दाखवून देतो," बनाबाई म्हणाल्या.

"तुम्ही रोज संगं चालनार का?"

"नाई. वाटच तिले वाट दाखवीन."

दीपकला ते कळलं नाही, पण त्याने अट घातली. सोंगणी सुरू व्हायच्या आत काजलने एकदा धाडहून त्या वाटेने एकटीने यायचं. सोबत कुणी नाही, उजेड असताना, न चुकता. आली तर कॉलेज. नाही आली तर घर.

बनाबाईंनी घाणेरी तोडून वाट मोकळी करायला तीन आठवडे घेतले. शंकरराव कोयता घेऊन पुढे, त्या मागे. मग त्यांनी घरातला पिवळ्या ऑइलपेंटचा डबा काढला. गेल्या पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून तो उरला होता. दोन दिवसांत, खिंडीपासून पायथ्यापर्यंत, पंचेचाळीस झाडांवर त्यांनी चौकोन काढले. फुटीच्या अलीकडे एक, पलीकडे एक, दोन्ही अंगांना. जंगलात कोणाला विचारावं लागत नाही, ही सवय त्यांना जर्मनीतच लागली होती. इथे परवानगी विचारायची राहून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तमराव दारात उभे राहिले. पायवाट सुरू होते तिथे त्यांचं आठ एकराचं शेत आहे, आणि वाट त्याच्या बांधावरून, म्हणजे धुऱ्यावरून, जाते.

"बनाबाई, खरं सांगा. रस्ता नेऊन राह्यले का कालवा?"

"कुठून?"

"माह्या धुऱ्यावरून! पिवळे ठिपके पडले तिथून थेट खालपर्यंत. मेहकरकडं माह्या साळ्याची जमीन गेली तवा बी आधी असेच ठिपके पडले होते. भाव काय देऊन राह्यले?"

"ते ठिपके माहे हायत, उत्तमराव. पोरीसाठी मारले. वाट दिसावी म्हनून."

"जर्मनीहून हे शिकून आल्या?"

"हाव."

"मंग आमच्या पोट्ट्याईचं काय चुकलं, ते त पुन्याहून दारू शिकून येतात," असं म्हणून ते गेले. पण जाता जाता म्हणाले, "खाली पाहून या. तिथं लाकडं पडून हायत."

बनाबाई धावतच खाली उतरल्या. पायथ्याकडची सात झाडं जमिनीवर होती. तीन धावडे, दोन सालई, एक मोईन, एक टेंभुर्णी. सातही चौकोनवाली. आजूबाजूच्या बिनरंगाच्या झाडाला कोणी हात लावला नव्हता. मोळ्या बांधत बसली होती मनकर्णाबाई. बनाबाईंबरोबर तीस वर्षं लाकडाला गेलेली, सत्तरीची मैत्रीण.

"दोन माहे हायत," ती आपणहून म्हणाली. "बाकीचे कोनं तोडले ते मले नको इचारू."

"काऊन तोडले व, मनकर्णे?"

"काऊन म्हंजे? तुहा रंग पाह्यला. झाड तसं बी जानारच. सरकारनं नेल्यापरीस आपल्या चुलीत गेलेलं बरं."

"तो पट्टा नव्हता. चौकोन होता."

"चौकोन असो का गोल, हात त तुहाच ना?" मनकर्णाबाईने मोळीची गाठ आवळली. "सव्वीस वर्षं आमी काय पाह्यलं? तू रंग मारला अन् झाड उभं राह्यलं, असं एक तरी सांग."

असं एकही झाड नव्हतं. जर्मनीत त्यांनी चालायची खूण तोडीची मानली होती. इथे त्यांचीच खूण गावाने तशी वाचली होती, आणि इथल्या वाचणाऱ्यांच्या हातात कुऱ्हाड होती.

दुपारी गार्ड आला. गोविंदा त्याचं नाव. तो या बीटवर नवा लागला तेव्हा धावडा कोणता आणि मोईन कोणती हे त्याला बनाबाईंनीच दाखवलं होतं. तो खोडं मोजत होता आणि त्यांच्याकडे बघायचं टाळत होता.

"मावशी, झाडाले रंग लावनं बी गुन्हा हाय. हे म्या तुमाले सांगावं का?"

"नको सांगू. लिही. रंग म्या मारला, झाडं माह्या रंगानं गेली."

"तोडली कोनं?"

"रंग म्या मारला ते लिही."

गोविंदाने पेन थांबवलं. "मावशी, तुमी पगारावर असत्या त आज घरी बसवलं असतं."

"म्हनून त म्या घरीच बसली हाय, बाप्पा. आता अजून काय बसवशीन?"

त्याने लाकूड जप्त केलं, पंचनामा केला, जबाब घेतला. सात खोडांच्या जागी पुढच्या पावसात सात रोपं लावून ती जगवीन, हे वाक्य बनाबाईंनी स्वतःहून जबाबात घालायला लावलं आणि खाली सही केली. मग त्या घरी गेल्या नाहीत. अजून अडतीस झाडं रंग घेऊन उभी होती आणि गावात अडतीसहून जास्त कुऱ्हाडी होत्या. रॉकेल, पोत्याचा तुकडा आणि बोथट विळा घेऊन त्या चार दिवस रंग खरडत राहिल्या, सालीला इजा होणार नाही अशा बेताने. पाचव्या दिवशी वाटेवर एकही चौकोन नव्हता. अडतीस झाडं उभी होती. सप्टेंबरचे बारा दिवस गेले होते आणि रानात सोयाबीन पिवळी पडायला लागली होती.

"सोड आता," शंकरराव म्हणाले. "पोरीच्या नशिबात नसन."

दुसऱ्या दिवशी बनाबाई गोविंदाच्या क्वार्टरवर गेल्या, आणि या वेळी आधी विचारलं. झाडाला हात लावायचा नाही, मग कशाला लावायचा?

गोविंदाने डोकं खाजवलं. "दगड जाग्यावरचाच पायजे, बाहेरून आनाचा नाई. सिमेंट नाई, ऑइलपेंट नाई. चुना लावा. चुना पावसानं धुऊन जाते, मंग कोनाचं काई म्हननं नाई."

"धुऊन गेला त?"

"दर साली लावा."

"लावतो," बनाबाई म्हणाल्या.

धाडच्या बाजारातून त्यांनी चुन्याचे खडे आणले, घमेल्यात विझवले आणि सुतळीचा कुंचा बांधला. हातभर उंचीचे दगड वाटेच्या कडेला उभे केले. बुड मातीत, तोंड वर, दोन्ही अंगांना चुना. गुरांची वाट फुटते तिथे दोन, नाल्यापाशी दोन, मधल्या सरळ तुकड्यावर एकही नाही. एकूण एकतीस. मनकर्णाबाई दोन दिवस लांबून बघत होती. तिसऱ्या दिवशी पदर खोचून दगड उचलायला आली.

"हे काई आता मी तोडनार नाई," ती म्हणाली.

"तोडून पाह्य. चुलीत घालशीन त जळनार बी नाई."

एक अडचण पुन्हा आलीच. खिंडीतल्या पहिल्या दगडावर सकाळी हळदकुंकू आणि दोन झेंडूची फुलं दिसली. हे शालूबाईचं काम. ती रोज तिथून शेतावर जाते. बनाबाईंनी तिला वाटेत गाठलं.

"शालू, देव नको करू व त्याचा. वाट हाय ते."

"देव केला त बिघडलं काय? कोनी हलवनार नाई."

यावर बनाबाईंनी विचार केला आणि फुलं तशीच राहू दिली. पुढच्या दगडांवर मात्र काही वाहायचं नाही, असं ठरवून घेतलं. दगड कुंकवाने लाल झाला तर पोरीने शोधायचा कसा?

काजलला त्यांनी वाट दाखवली नाही. ओट्यावर बसवून फक्त तीन गोष्टी सांगितल्या. पांढरा दगड दिसला की पुढचा शोधायचा. वाट फुटली आणि दगड नाही तर शंभर पावलं चालून बघायचं, नाही दिसला तर मागे फिरायचं. आणि चालताना मोठ्याने बोलत राहायचं, म्हणजे रानातलं जनावर आपणहून बाजूला होतं.

"एकटी काय बोलू, आजी?"

"गनित म्हन. ब्याण्णव मार्क पडले ना?"

सप्टेंबरचा शेवटचा बुधवार ठरला. त्या दिवशी दीपक खिंडीशेजारच्या तुकड्यात सोंगणीच्या तयारीला होता. बनाबाई साडेचारलाच पहिल्या दगडापाशी जाऊन बसल्या. त्याच्या पुढे एक पाऊलही टाकणार नाही असा शब्द त्यांनी दिला होता. पावणेपाच झाले. पाच झाले. खाली घाणेरीत पाखरांचा आवाज तेवढा होता. सव्वापाचला दीपक विळा टाकून आला.

"मी उतरतो खाली."

"बस. अजून उजेड हाय."

"तुमची नात असती त बसल्या असत्या?"

"माही नात नव्हती का त्या धुक्यात?" बनाबाई म्हणाल्या. पण त्यांचे हात पदराचं टोक पिळत होते, आणि दीपकला ते दिसत होतं.

तो बसला. मग उठला. पाच वाजून वीस मिनिटांनी तो दोन पावलं उतरला आणि थांबला. खालून आवाज येत होता. कोणीतरी ओरडून पाढे म्हणत होतं, बेचा नव्हे, सोळाचा, सतराचा, मग अठराचा. एकोणीसच्या पाढ्याला काजल वळणावर दिसली. ओढणीला कुसळं, कोपराला ओरखडा, चेहरा लालबुंद.

"आजी," तिने दम घ्यायच्या आत सुरुवात केली, "नाल्यापाशी तुमचा दगड चुकला हाय."

"चुकला?"

"दगड हाय, पन खालून येनाऱ्याले दिसतच नाई. तरोटा वाढला त्याच्या म्होरं. मी डावीकडं गेली, शंभर पावलं. काई नाई. मागं आली. उजवीकडं गेली, शंभर. काई नाई. मंग बसली, पानी पेली अन् झाडोरा हातानं बाजूले करत गेली, तवा सापडला. तुमी वरून उतरत लावला ना?"

"हाव," बनाबाई म्हणाल्या. दगडाला दोन्ही अंगांना चुना त्यांनी लावला होता. पण तो दिसतो का, हे मात्र वरूनच पाहिलं होतं.

"घाबरली नाई?" दीपकने विचारलं.

"घाबरली ना. पन मोजत होती."

दीपकने तिच्या ओढणीची दोन-तीन कुसळं काढली. मग विळा उचलला आणि शेताकडे चालू लागला. बांधावर पोहोचल्यावर मागे वळून म्हणाला, "उद्या किती वाजता सुटते कॉलेज?"

"साडेतीन."

"मंग साडेचारच्या आत ये. पाढे म्हनत बसू नको."

दुसऱ्या दिवशी दव वाळायच्या आत बनाबाई चुन्याचं घमेलं घेऊन नाल्यावर उतरल्या. तरोटा उपटला. दगड हलवून दीड हात पुढे, खडकाच्या उंचवट्यावर ठेवला, बुड पक्कं केलं आणि दोन्ही अंगांना चुना ओढला. मग कुंचा खाली ठेवून त्या धाडच्या दिशेने पावलं मोजत शंभरपर्यंत उतरल्या आणि मागे वळल्या.

दगड दिसत होता. त्या तरीही जरा खाली वाकल्या. काजल त्यांच्यापेक्षा चार बोटं बुटकी आहे. तिथूनही दिसत होता.